ईलिंगचा पांढरा बंगला आणि चित्रपट वाचण्याची विद्या

लंडनला जाऊन आलेल्या आपल्या माणसांच्या छायाचित्रांत टॉवर ब्रिज असतो, राजवाड्यासमोरचा पहारा असतो, मेणाच्या पुतळ्यांना खेटून उभी राहिलेली मुले असतात. पश्चिम लंडनमधील ईलिंग या उपनगरातल्या एका पांढऱ्या बंगल्याचे छायाचित्र मात्र सहसा आढळत नाही. वास्तविक, साउथॉलच्या भारतीय बाजारपेठेकडे जाणारी एलिझाबेथ लाइनची गाडी ईलिंग ब्रॉडवे स्थानकावरूनच पुढे जाते. तेथे उतरून थोडे चालले की ईलिंग ग्रीन नावाची हिरवळ लागते आणि तिच्या कडेला 'व्हाइट लॉज' हा बंगला दिसतो. हा ईलिंग स्टुडिओ. १९०२ सालापासून या आवारात चित्रपट तयार होत आले आहेत. मूकपट, बोलपट, दूरचित्रवाणी अशी सगळी स्थित्यंतरे पचवून त्याच जागी उभ्या असलेल्या जगातील अगदी जुन्या स्टुडिओंमध्ये त्याची गणना होते.

माझे आयुष्य बँकेत, कर्जप्रकरणे तपासण्यात गेले. चित्रपट हा माझा विषय नव्हे. तरीही लेकीकडे लंडनला निघालो असताना एक कामगिरी माझ्यावर सोपवण्यात आली. माझा भाचा कापडाचा ठोक व्यापारी आहे. त्याची मुलगी बारावीनंतर वाणिज्य शाखा सोडून चित्रपटांचा अभ्यास करू इच्छिते. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही निघालाच आहात तर तिथले एखादे ठिकाण डोळ्यांखालून घालून या. सिनेमा पाहायला कोणी फी भरते का? त्यात शिकण्यासारखे असते तरी काय?" प्रश्न रास्त होता. भांडवल गुंतवण्यापूर्वी माल पाहावा, ही व्यापाऱ्याची रीतच आहे. आपल्या अनेक घरांत आज हा प्रश्न या ना त्या रूपाने विचारला जात असल्यामुळे त्याचे उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

आवाराबाहेरून

प्रथमच सांगितलेले बरे, की ईलिंग स्टुडिओ हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तो चालू कारखाना आहे. त्यामुळे वाटेल त्याला आत प्रवेश नाही. बाहेरून दिसतो तो एखाद्या सधन गृहस्थाचा वाटावा असा बंगला, आणि त्याच्या मागे खिडक्या नसलेल्या, गोदामांसारख्या उंच इमारती. शेजारीच वॉलपोल पार्क हे उद्यान आणि पिट्सहँगर मॅनर हा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा वाडा सर जॉन सोन यांनी स्वतःसाठी बांधला. सोन हे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद होते आणि चार दशकांहून अधिक काळ त्यांनी ते काम पाहिले. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला हा शेजार पाहून बरे वाटले. या स्टुडिओचा सर्वांत गाजलेला एक चित्रपट त्याच बँकेच्या सोन्याभोवती फिरतो, हा योगायोग पुढे येईलच.

१९०२ मध्ये विल बार्कर यांनी व्हाइट लॉज घेतले. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशात करावे लागे, म्हणून त्यांनी आवारात काचेच्या छताचे मंच उभारले. बार्कर मोठे व्यवहारी होते. १९११ मध्ये त्यांनी हर्बर्ट बीरबोम ट्री या नामवंत नटाला १,००० पौंड देऊन शेक्सपिअरच्या 'हेन्री द एट्थ' नाटकातील प्रवेश चित्रित केले. तोवर चित्रपटाच्या प्रती चित्रगृहांना विकण्याची पद्धत होती. बार्कर यांनी प्रती विकल्या नाहीत, फक्त भाड्याने दिल्या. सहा आठवड्यांनंतर त्या जाळून टाकू, असे त्यांनी आधीच जाहीर केले आणि खरोखरच सर्वांसमक्ष जाळल्या. माल दुर्मीळ करून भाव चढवण्याची ही युक्ती व्यापाऱ्याला सहज कळेल. पण आज त्या चित्रपटाचा एकही तुकडा उपलब्ध नाही. चित्रपट ही एकाच वेळी वस्तूही असते आणि ठेवाही, आणि या दोन्हींचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडावे लागतात, हा चित्रपट अभ्यासातला पहिला धडा त्या होळीतून मिळतो.

याच सुमारास, १९१२ च्या आरंभी, आपले दादासाहेब फाळके आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला आले होते. वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीची कामे पाहिली आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते परतले. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झळकला. भारतीय चित्रपटाची पहिली शिकवणी अशी एका इंग्रज स्टुडिओच्या अंगणात झाली आहे.

एक पेढी, एक घर

बोलपट आल्यावर काचेचे मंच निरुपयोगी ठरले, कारण काचेतून बाहेरचा आवाज आत येतो. जाड भिंतींचे, बंदिस्त आणि विजेच्या दिव्यांवर चालणारे मंच आवश्यक झाले. बेसिल डीन यांच्या कंपनीने ते ईलिंगमध्ये १९३१ साली उभे केले. त्या बिनखिडक्यांच्या इमारतींचे रहस्य हे असे आवाजात आहे.

१९३८ मध्ये मायकेल बाल्कन कारभारी म्हणून आले आणि स्टुडिओचे नाव जगभर गेले. बर्मिंगहॅमच्या एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मलेल्या बाल्कन यांनी त्यापूर्वीच आल्फ्रेड हिचकॉक यांना दिग्दर्शनाची पहिली संधी दिली होती. ईलिंगमध्ये त्यांनी अवाढव्य खर्चाच्या चित्रपटांचा नाद धरला नाही. लेखक, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक हे सगळे पगारी नोकरीत ठेवले. दिग्दर्शक बाहेरून आणण्याऐवजी घरातच घडवले. चार्ल्स क्रायटन आणि रॉबर्ट हेमर हे आधी संकलक होते, तर अलेक्झांडर मॅकेंड्रिक पटकथेची रेखाचित्रे काढीत. सर्वांनी एका गोल टेबलाभोवती बसून प्रत्येक कथेवर बोलायचे, मग ती कोणाचीही असो, असा तेथील शिरस्ता होता. एकजुटीने काम करणारा स्टुडिओ, अशा अर्थाची पाटीच भिंतीवर लावलेली होती. हिशेबाची व प्रशासनाची बाजू मेजर रेजिनाल्ड बेकर सांभाळीत. भांडवल घालणाऱ्यांत स्टीफन कोर्टोल्ड होते, ज्यांच्या घराण्याची संपत्ती रेशीम व कृत्रिम धाग्याच्या गिरण्यांतून आली होती. १९४४ पासून वितरणाची व पैशाची मदत आर्थर रँक यांच्या संस्थेकडून मिळू लागली. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा पिठाच्या गिरण्यांचा. चित्रपटसृष्टी म्हणजे केवळ नटनट्यांचा बाजार असे समजणाऱ्यांनी कापड आणि पीठ यांचे हे नाते ध्यानात घ्यावे.

चित्रपट वाचायचा कसा?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बँकेत आम्ही तारण तपासल्याशिवाय कोणाला कर्ज देत नाही. चित्रपटगृहात मात्र दिवे मालवताच आपण पडद्यावरील अनोळखी माणसाला आपली सहानुभूती, आपले अश्रू, आपला राग तारणाशिवाय देऊन टाकतो. हा विश्वास आपल्याकडून कोणत्या साधनांनी मिळवला गेला, याची तपासणी म्हणजे चित्रपट अभ्यास. ही साधने मुख्यतः पाच: कथनाची रचना, कॅमेरा, दृश्याची मांडणी, संकलन आणि ध्वनी. त्यांना काळाची पार्श्वभूमी जोडली की अभ्यासाचा पाया पुरा होतो. ईलिंगचे चार विनोदी चित्रपट हा पाया समजण्यास पुरेसे आहेत.

पहिला, १९५१ चा 'द लॅव्हेंडर हिल मॉब'. हेन्री हॉलंड हा बँकेचा एक साधा नोकर वीस वर्षे सोन्याच्या विटांची ने-आण इमानेइतबारे सांभाळतो. तो इतका काटेकोर आहे, की वरिष्ठ त्याला कल्पनाशून्य समजतात. त्याच्या निवासगृहात पेंडलबरी नावाचा एक कारागीर राहायला येतो. पर्यटकांसाठी शिशाचे छोटे आयफेल टॉवर ओतण्याचा त्याचा धंदा आहे. सोने वितळवून त्याचे टॉवर ओतले आणि परदेशी पाठवले तर? कथालेखक टी. ई. बी. क्लार्क यांनी अशी चोरी कशी साधेल, हे थेट बँक ऑफ इंग्लंडलाच जाऊन विचारले आणि बँकेच्या मंडळींनी त्यांना गांभीर्याने मदत केली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. या पटकथेला ऑस्कर मिळाले.

ज्या शाखांत तिजोरीच्या दोन किल्ल्या कायम दोन अधिकाऱ्यांकडे असत, तेथे मी नोकरी केली. तरीही पाहताना मनातून वाटत होते, की हॉलंड पकडला जाऊ नये. असे का व्हावे? कारण चित्रपटाची गोष्ट हॉलंडच स्वतः सांगतो. दूरदेशी, आरामात बसून, एका माणसाला तो आपली भूतकाळातली हकिगत ऐकवत आहे, अशी सुरुवात आहे. ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकतो, त्याच्या बाजूला आपण नकळत उभे राहतो. ऐकणारा माणूस कोण, हे शेवटच्या क्षणी कळते आणि सगळ्या गोष्टीचा अर्थ उलटतो. तो शेवट येथे सांगून वाचकांचा आनंद हिरावत नाही. कथनाची रचना म्हणजे काय, ते यावरून समजते. याच चित्रपटात दोघे आयफेल टॉवरचा गोल जिना धावत उतरतात. लहान-लहान तुकडे भराभर जोडून आणि कॅमेराही गरगरवून तो प्रसंग असा रचला आहे, की खुर्चीत बसलेल्या आपल्याला चक्कर येते. तुकडे किती लांबीचे ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने जोडायचे, याला संकलन म्हणतात. दिग्दर्शक क्रायटन पूर्वी संकलक होते, हे येथे आठवावे.

दुसरा, १९४९ चा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'. सरदारकी मिळवण्यासाठी एक तरुण वाटेतले वारसदार एकेक करून दूर करतो, अशी ही काळ्या विनोदाची कथा आहे. विषय हिंसेचा असला तरी पडद्यावर रक्तपाताचे भांडवल केलेले नाही. घराण्यातील आठ व्यक्ती, त्यांत एक स्त्रीही, अॅलेक गिनेस या एकाच नटाने साकारल्या आहेत. चर्चमधील एका दृश्यात त्यांपैकी सहाजण एकत्र बसलेले दिसतात. छायालेखक डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा पक्का जखडून टाकला, भिंगासमोर काळे पडदे ठेवून चौकटीचा एकेक भागच उघडा केला आणि प्रत्येक वेळी फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच पुढची व्यक्ती चित्रित केली. कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून ते रात्री स्टुडिओतच त्याच्याजवळ झोपले. संगणक नसलेल्या काळातली ही कामगिरी आहे. चौकटीत काय घ्यायचे, काय झाकायचे आणि पाहणाऱ्याला कोठे उभे करायचे, हा कॅमेऱ्याचा धडा येथे मिळतो. हेच गिनेस १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' मध्ये प्राध्यापक गोडबोले झाले होते, ते काही वाचकांना आठवत असेल.

तिसरा, आपल्या कापडवाल्या मंडळींनी अवश्य पाहावा असा, १९५१ चा 'द मॅन इन द व्हाइट सूट'. सिडनी स्ट्रॅटन हा गिरणीत पडेल ते काम करणारा तरुण रसायनज्ञ कधी न मळणारा आणि कधी न झिजणारा धागा शोधून काढतो. आरंभी मालक हर्षभरित होतो. मग सगळ्यांच्या ध्यानात येते, की एकदा घेतलेला सूट जन्मभर टिकला तर दुसरा तागा घेणार कोण? गिरणीमालक घाबरतात. कामगार संघटनाही घाबरते. एरवी एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोन पक्ष एका निरुपद्रवी माणसाच्या मागे हात धुऊन लागतात. शेवटी कपडे धुऊन पोट भरणारी एक गरीब म्हातारी त्याला विचारते, की धुवायला काही उरलेच नाही तर माझे काय होणार? त्या प्रश्नाला सिडनीकडे उत्तर नाही. चित्रपट कोणा एकाला दोषी ठरवत नाही. टिकाऊ माल आणि चालता धंदा यांतला हा पेच आपल्या प्रत्येक पेढीवर कधी ना कधी येऊन गेलेला आहे.

हे सारे चित्रपट शब्दांपेक्षा प्रकाशाने सांगतो. पांढरा सूट अंधाऱ्या गल्ल्यांत चमकत राहतो. ज्याला लपायचे आहे, त्याचा शोधच त्याला लपू देत नाही. बड्या उद्योगपतींच्या काळ्या पोशाखांच्या आणि काळ्या मोटारींच्या समोर तो एकटा पांढरा ठिपका दिसतो. वेषभूषा, प्रकाश, नेपथ्य आणि पात्रांच्या जागा यांच्या या योजनेला दृश्याची मांडणी म्हणतात. आणि प्रयोगशाळेतील नळ्यांचा तो बुडबुडणारा, ठेका धरणारा आवाज! सिडनीचे यंत्र कोठे आहे, ते पडद्यावर दिसण्याआधी कानाला कळते. ध्वनी हे स्वतंत्र साधन असल्याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही. याचे दिग्दर्शक मॅकेंड्रिक पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्सच्या चित्रपट विभागाचे अधिष्ठाता झाले आणि आपली विद्या त्यांनी विद्यार्थ्यांना पद्धतशीर शिकवली.

चौथा, १९४९ चा 'पासपोर्ट टू पिम्लिको'. लंडनच्या एका वस्तीत युद्धातला न फुटलेला बॉम्ब फुटतो आणि खाली पुरलेला खजिना व एक जुनी सनद सापडते. तिच्यानुसार ही वस्ती इंग्लंडची नसून बर्गंडी या जुन्या राज्याची ठरते. मग काय, रहिवासी शिधापत्रिका फाडून टाकतात. दुकानदारांना निर्बंध उरत नाहीत आणि पाठोपाठ काळाबाजारवाले वस्तीत शिरतात. ब्रिटनमध्ये शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते, हे ठाऊक नसेल तर यातला अर्धा विनोद निसटतो. चित्रपट ज्या काळात जन्मला, त्या काळाचे भाव आणि टंचाई जाणल्याशिवाय तो पुरता कळत नाही. अभ्यासक्रमात इतिहास आणि अर्थशास्त्र का असते, याचे हे उत्तर होय.

पेढी मिटली, जागा राहिली

इतक्या नावलौकिकानंतरही १९५५ मध्ये हा स्टुडिओ बीबीसीला विकावा लागला. कायम पगारी माणसे, मोजकीच निर्मिती आणि वितरणाच्या चाव्या दुसऱ्याच्या हाती, अशी मांडणी असली म्हणजे खेळते भांडवल किती ताणले जाते, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जाताना बाल्कन यांनी एक पाटी बसवली. येथे पाव शतकात ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव दाखवणारे अनेक चित्रपट तयार झाले, असा तिचा आशय आहे. किती नफा झाला, याचा त्यात उल्लेख नाही. त्यानंतर अनेक वर्षे बीबीसीने येथे काम केले. १९९५ मध्ये नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलने ही जागा घेतली आणि २००० पासून ती पुन्हा खासगी मालकीत चित्रपटांसाठी वापरात आली. 'डाउनटन अॅबी' मालिकेतील नोकरवर्गाचे स्वयंपाकघर आणि भोजनगृह याच मंचांवर उभारले होते.

मी गेलो तेव्हा याच आवारात मेट फिल्म स्कूल ही शिक्षणसंस्था होती. पाठीवर कॅमेऱ्याच्या पेट्या घेतलेली मुले-मुली फाटकातून ये-जा करताना दिसत होती. चेहऱ्यांवर झगमगाटाची नशा नव्हती. परीक्षेच्या दिवसांत वाणिज्य महाविद्यालयाबाहेर दिसते, तीच धांदल होती.

भाच्याला मी जे कळवले, ते येथे थोडक्यात देतो. या विद्येत शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती कष्टाची विद्या आहे. तिच्यात वाचन आहे, इतिहास आहे, तांत्रिक कौशल्य आहे आणि हिशेबही आहे. मात्र उत्पन्नाची हमी नाही. ईलिंगसारख्या नामवंत घराचीही ताळेबंदाने परीक्षा घेतली. म्हणून मुलीने परदेशाची मोठी फी भरण्यापूर्वी एक वर्ष घरीच या शास्त्राची तयारी करावी, पन्नास चित्रपट नीट पाहून प्रत्येकावर दोन पाने लिहावीत. वर्षाअखेर हौस टिकली तर घरच्यांनी खुशाल पाठबळ द्यावे. हौस आणि निष्ठा यांतला फरक वहीच्या पानांवर दिसतो. आणि पुढे ती पेढीवरच बसली, तरी हे शिक्षण वाया जाणार नाही. जाहिरात, बातमी, भाषण, सगळेच आज पडद्यावरून येते आणि आपला विश्वास मागते. तो कशाने मागितला जात आहे, हे ओळखणारे एक माणूस घरात असणे ही मोठी जमेची बाजू आहे.

वाचकांनीही एक प्रयोग करून पाहावा. रविवारी संध्याकाळी घरच्या सर्वांनी मिळून एखादा चांगला चित्रपट पाहावा. संपल्यावर लगेच उठू नये. गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली? कॅमेऱ्याने आपल्याला कोठे उभे केले? कोणता आवाज लक्षात राहिला? आणि ज्याचे काहीच ऐकून घेतले गेले नाही, असे कोण होते? हे चार प्रश्न एकमेकांना विचारावेत. उत्तरे निरनिराळी येतील, थोडा वादही होईल. ईलिंगच्या गोल टेबलाभोवती तेच होत असे.